मोठी बॅटरी स्वतःच्या विजेवर पूर्ण कशी भरायची: हिशेबापासून जोडणीपर्यंत

एखादी जुनी मोटर उलटी फिरवली, तिच्या वायरींना मल्टिमीटर लावला आणि आकडा १४ व्होल्टच्या वर गेला, की मन हरखून जातं. बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करायला १४ पुरतात, म्हणजे काम झालंच असं वाटतं. मग त्याच वायरी दीडशे एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) बॅटरीला जोडल्या की मीटर धपकन १२.३ वर येतो आणि दुपारपर्यंत फिरवत बसलं तरी तिथून हलत नाही. मोटरही ठीक असते आणि बॅटरीही. व्होल्टच्या मागे अँपिअरचं बळ नसतं, एवढंच.

म्हणून साधन निवडण्याआधी तीन आकडे कागदावर मांडायचे. एकूण किती वॅट-तास भरायचे, बॅटरी कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती अँपिअर घेते, आणि ते किती तास चालू ठेवावं लागेल. पहिले दोन आकडे बहुतेक जण कसेबसे काढतात. तिसरा विसरतात, आणि मी पाहिलेल्या अकाली मेलेल्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याचशा त्या तिसऱ्या आकड्यापायी गेल्या आहेत. पॉवर भरपूर होती, पण रोज शेवटचे तीन-चार तास कुणी दिलेच नाहीत.

आधी बॅटरीची भूक मोजा

उदाहरणासाठी १२ व्होल्ट, १५० एएचची पाणी घालायची ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी घेऊ. व्होल्ट गुणिले एएच केलं की १८०० वॅट-तास येतात, म्हणजे १.८ युनिट. ही बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून रोजचा उपसा ७५ एएच, म्हणजे ९०० वॅट-तास धरायचा.

भरताना मात्र ९०० पुरत नाहीत. जेवढे एएच काढले त्याहून १५ ते २० टक्के जास्त परत घालावे लागतात, कारण चार्जिंगच्या शेवटी थोडा करंट पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार करण्यात खर्च होतो. शिवाय १२ व्होल्टला काढलेला माल १४ व्होल्टला परत करावा लागतो. ७५ चे ९० एएच झाले, त्याला १४ नं गुणलं की १२६० वॅट-तास होतात. थोडक्यात, ०.९ युनिट वापरलं की सव्वा युनिट बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत पोचवायचं. वाटेतलं नुकसान अजून यात धरलेलंच नाही.

आता अँपिअर. लेड-ॲसिडसाठी क्षमतेच्या दहा टक्के हा जुना आणि विश्वासाचा नियम आहे: १५० एएचला १५ अँपिअर. वीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३० अँपिअरपर्यंत, बहुतेक बॅटऱ्या सोसतात, तरी कंपनीनं दिलेला कागद पाहून खात्री करून घ्यावी. खालचीही एक मर्यादा असते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. रोज पाच टक्क्यांहून कमी, म्हणजे सात अँपिअरच्या खालीच चार्जिंग होत राहिलं, तर ॲसिड नीट ढवळलं जात नाही. जड ॲसिड तळाशी बसतं, वर पातळ राहतं, आणि प्लेटवरचं सल्फेट हळूहळू घट्ट होत जातं. त्यामुळे आपल्या बॅटरीला हवी असलेली पॉवर साधारण १०० ते ४३० वॅटच्या दरम्यान बसते. यापेक्षा कमी देणारं साधन एकट्यानं ही बॅटरी सांभाळू शकत नाही.

आणि वेळ. साधारण ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी दिलेला सगळा करंट मुकाट्यानं घेते. तिथे व्होल्टेज १४.४ ला पोचतं आणि पुढे ते तिथेच धरून ठेवायचं असतं; या टप्प्याला ॲब्झॉर्प्शन म्हणतात. घागर काठोकाठ यायला लागली की नळ बारीक करावा लागतो, तसा इथे करंट आपसूक उतरत जातो: १५, मग १०, मग ६, मग ३. या उरलेल्या २० टक्क्यांना तीन-चार तास लागतात आणि तुम्ही कितीही मोठा जनरेटर आणलात तरी ते कमी होत नाहीत. म्हणजे निम्मी उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला १५ अँपिअरनं सात ते आठ तास धरायचे.

लिथियम आयर्न फॉस्फेटचं गणित वेगळं आहे. तिच्यात नुकसान अगदी थोडं होतं, १०० एएचची बॅटरी २० ते ५० अँपिअर सहज घेते आणि रोज पूर्ण भरलीच पाहिजे असा तिचा हट्ट नसतो. साठ टक्क्यांवर आठवडाभर राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. वीज जेव्हा मिळेल तेव्हा, तुटक तुटक मिळणार असेल, तर माझं मत स्पष्टपणे लिथियमच्या बाजूनं आहे. फक्त शून्य अंशाखालच्या थंडीत तिला चार्ज करायचं नाही. त्या थंडीत आत लिथियम धातू साचतो आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही.

साधन कोणतं निवडायचं

सायकलपासून सुरू करतो, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. सराव नसलेला धडधाकट माणूस तासभर सलग पेडल मारून साधारण ७५ वॅट देतो. रोलर आणि मोटर यांतलं नुकसान वजा केलं की बॅटरीपर्यंत ५० वॅट पोचले तरी खूप. आपले १२६० वॅट-तास भरायला त्या हिशेबानं २५ तास लागतात, आणि करंट मिळतो चार अँपिअरच्या आत, वर सांगितलेल्या खालच्या मर्यादेच्याही खाली. मुलांना विजेची किंमत अंगमेहनतीतून कळावी, फोन आणि छोटे दिवे चालावेत, यासाठी सायकल जनरेटर जरूर बनवावा. कायमचुंबक असलेली डीसी मोटर घ्या. २४ व्होल्टला २७०० फेरे अशी तिची पाटी असेल तर १४ व्होल्टसाठी तिला मिनिटाला किमान १६०० फेरे लागतील, आणि करंट वाहू लागला की त्याहून जास्त. २६ इंची चाकावर तीन सेंटिमीटर व्यासाचा रोलर टेकवला तर चाकाच्या एका फेऱ्यात तो बावीसएक वेळा फिरतो, त्यामुळे हा वेग अवघड नाही. मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, मात्र हवाच. तो नसेल तर पाय थांबवताच बॅटरीच मोटर फिरवू लागते, चाक आपोआप फिरत राहतं आणि भरलेली वीज उलटी निघून जाते.

गाडीचा अल्टरनेटर ६० ते १२० अँपिअरचा असतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण तो पूर्ण करंट इंजिन वेगात असताना देतो. नुसतं चालू ठेवलं तर त्याच्या निम्माही मिळत नाही. गाडी उभी ठेवून, तासाला पाऊण-एक लिटर इंधन जाळून तीन-चारशे वॅट काढणं हे आणीबाणीपुरतं ठीक. गाडी नाहीतरी रोज दोन-तीन तास पळणार असेल तर मात्र अल्टरनेटर उत्तम साधन आहे, मधे व्होल्टेज आणि करंट आवरून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर घालून. लिथियमसाठी तो चार्जर सोडूच नका. लिथियम बॅटरी समोर येईल तेवढा करंट ओढत राहते, अल्टरनेटर तापतो आणि जळतो. शिवाय बॅटरीच्या आतल्या बीएमएसनं (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटनं) मधेच जोडणी तोडली तर व्होल्टेजची अशी उसळी येते की अल्टरनेटरचे डायोड उडतात. हाच अल्टरनेटर काढून पवनचक्कीला किंवा सायकलला लावायची कल्पनाही बऱ्याच जणांना सुचते. ती सोडून द्या. त्याला चुंबकत्व तयार करायलाच आधी बॅटरीतून करंट द्यावा लागतो, आणि तो वीज देऊ लागतो तेच मिनिटाला हजारभर फेऱ्यांच्या वेगानंतर.

जनरेटर वापरायचा तर त्यावर लिहिलेल्या १२ व्होल्ट डीसी सॉकेटच्या भरवशावर राहू नका. तो बहुधा आठएक अँपिअरचा, नियंत्रण नसलेला असतो. त्याऐवजी एसी बाजूला चांगला तीन टप्प्यांचा चार्जर लावा. ३० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टला ४३२ वॅट देतो, स्वतःचं नुकसान धरून ५०० वॅटच्या आसपास ओढतो. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर असेल तर पॉवर फॅक्टर खराब असल्यानं हाच भार जनरेटरला ८०० व्हीएसारखा जाणवतो. एक केव्हीएचा जनरेटर इथे बरोबर बसतो. पाच केव्हीएचा आणलात तर तो दहा टक्के भारावर धडधडत राहील आणि इंधन फुकट जाईल. छोटी पेट्रोल इंजिनं चांगल्या भारावर युनिटला अर्ध्या लिटरच्या आसपास पितात, हलक्या भारावर त्याच्या दुपटीनं. म्हणून जनरेटर फक्त पहिल्या, भरभर भरणाऱ्या टप्प्यासाठी चालवायचा. सकाळी दोन तास जनरेटर लावून बॅटरी ८० टक्क्यांवर आणायची आणि शेवटचे रेंगाळणारे तास सूर्यावर सोपवायचे, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. जनरेटर घरात, बंद गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली कधीही चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही.

सौर पॅनेल: बहुतेकांचं उत्तर इथेच आहे

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या परिस्थितीचे असतात: चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पॅनेलच्या सेलचं तापमान २५ अंश. भर दुपारी उन्हातल्या पॅनेलचं तापमान ६५ अंशांपर्यंत जातं. दर अंशामागे साधारण ०.४ टक्के घट धरली तर ४० अंशांमागे १६ टक्के तिथेच गेले. वर धूळ, वायर आणि कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग आवरणारं यंत्र) यांचं नुकसान. त्यामुळे पाटीवरच्या आकड्याच्या ७५ टक्के धरूनच पुढे जायचं.

दुसरा आकडा पूर्ण उन्हाच्या तासांचा. सूर्य बारा तास असला तरी दिवसभरातलं सगळं ऊन एकत्र केलं तर ते भर दुपारच्या उन्हाच्या चार ते पाच तासांएवढं भरतं. आपल्या जागेचा वर्षातला सर्वात वाईट महिना घ्या, चांगला नाही. साडेचार तास धरले तर १२६० भागिले ४.५, भागिले ०.७५, म्हणजे साधारण ३७० वॅट. दिवसा बॅटरीवर काही चालणार असेल, आणि ढगाळ दिवसानंतरची तूट भरून काढायची असेल, तर दीडपट करा: ५५० वॅट. इतक्या पॅनेलमधून भर उन्हात ३० अँपिअरच्या आसपास मिळतात. आपल्या बॅटरीची वरची मर्यादा नेमकी तेवढीच होती, म्हणजे माप जुळलं.

आता इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. ३३० वॅटचं पॅनेल साधारण ३७.५ व्होल्टला ८.८ अँपिअर देतं. ते साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमधून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. अँपिअर तेच ८.८ राहतात, व्होल्ट १३.५ होतात आणि हाती येतात १२० वॅट. ३३० चे १२०! पॅनेल नवं, ऊन कडक, कंट्रोलरवर हिरवा दिवा, आणि तरीही दोन तृतीयांश वीज वाया जाते. एमपीपीटी कंट्रोलर हेच जादा व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. पीडब्ल्यूएम वापरायचाच तर पॅनेल ३६ सेलचं, १८ व्होल्टच्या आसपास चालणारं असावं.

एमपीपीटीची एक अट पाळावी लागते. त्याच्या इनपुटला कमाल व्होल्टेज लिहिलेलं असतं, समजा १०० व्होल्ट. ३३० वॅटच्या पॅनेलचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, ४५ च्या आसपास असतं. दोन सिरीजमध्ये जोडली की ९०. कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी हे व्होल्टेज आणखी दहा टक्के चढू शकतं, म्हणजे ९९. तीन जोडली तर कंट्रोलर पहिल्याच दिवशी जातो. काठावरचा हिशेब असेल तर दोन्ही पॅनेल पॅरललमध्ये जोडा.

सावलीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पॅनेलमधले सेल बहुधा तीन माळांत एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर वाळलेलं पान पडलं तर त्या माळेचा सगळा करंट अडतो, बायपास डायोड ती माळ वगळतो आणि पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद होतो. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता जागेवर उभं राहून सावल्या पाहा, मगच खिळे ठोका. कोन तुमच्या जागेच्या अक्षांशाइतका ठेवला आणि तोंड विषुववृत्ताकडे केलं की पुरे. त्यात पाच-दहा अंशांचा फरक पडला तर काळजी करू नका.

वाहतं पाणी असेल तर

बारमाही ओहोळ आणि थोडा उतार नशिबी असेल तर मी सौर पॅनेलच्याही आधी त्याचा विचार करीन. कारण पुन्हा तोच तिसरा आकडा: पाणी रात्रीही वाहतं. बॅटरीला लागणारे शांत, रेंगाळणारे तास पाणी न मागता देतं.

मोजायला फक्त बादली आणि घड्याळ लागतं. सगळी धार २० लिटरच्या बादलीत घ्या. १० सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला २ लिटर. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची उंची पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीनं टप्प्याटप्प्यानं मोजा, किंवा पाइप पूर्ण भरून खालच्या टोकाला प्रेशर गेज लावा. दर १० मीटरला साधारण १ बार दाब दिसतो. मग मीटर गुणिले लिटर गुणिले ५ केलं की वॅट मिळतात. लहान टर्बाइनचं निम्म्याच्या आसपासचं नुकसान त्या पाचात आधीच धरलेलं आहे. १० मीटर, २ लिटर, म्हणजे १०० वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण २४ तासांचे २.४ युनिट होतात, आपल्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट.

पाइपात कंजुषी केली तर सगळं मुसळ केरात. ५० मीटर लांब दीड इंची पाइपातून २ लिटर पाणी सोडलं तर १० पैकी ४ मीटर उंची पाइपाच्या घर्षणातच संपते. तोच पाइप तीन इंची घेतला तर जेमतेम वीतभर जाते. मोठा पाइप एकदाच घ्यावा लागतो, घर्षण मात्र रोज चोवीस तास चालू राहतं. तोंडाशी जाळी बसवा आणि ती झटकन साफ करता येईल अशी ठेवा, कारण पावसाळ्यात पालापाचोळा तिच्यावर रोज येऊन बसणार. पाणी कमी आणि उंची जास्त असेल तर पेल्टन चाक, उंची कमी आणि पाणी भरपूर असेल तर प्रोपेलर पद्धतीचं टर्बाइन.

वारा

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनानं वाढते. दोन मीटर व्यासाच्या पात्यांना सेकंदाला १० मीटर वाऱ्यात ५७५ वॅटच्या आसपास मिळू शकतात, ५ मीटरला ७०, आणि ३ मीटरला जेमतेम १५. झाडाचं पान नुसतं सळसळतं असा वारा काही कामाचा नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिलेली, वाऱ्यातल्या ऊर्जेच्या ५९.३ टक्क्यांची मर्यादा कोणतंही पातं ओलांडू शकत नाही, तेव्हा त्याहून जास्तीच्या जाहिराती सोडून द्या. उंच मनोऱ्यावर, अडथळ्यांपासून दूर आणि वर्षभर वारा मोजून पाहिलेला असेल तरच पवनचक्की लावावी.

पाणी आणि वारा या दोन्हींसाठी एक समान नियम आहे. बॅटरी भरली की पॅनेलची जोडणी नुसती तोडून ठेवता येते, पण चक्कीची जोडणी तोडली तर भार गेल्यामुळे ती बेफाम सुटते. तिथे डायव्हर्शन कंट्रोलर आणि डंप लोड लागतो, म्हणजे जादा वीज पाणी तापवण्याच्या कॉइलमध्ये वळवायची.

वायर, फ्यूज आणि टर्मिनल

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण एक चांगली बॅटरी मी स्वतः इथेच गमावली. कंट्रोलर बॅटरीपासून पाच मीटरवर होता आणि मधे ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जाऊन-येऊन दहा मीटर. कंट्रोलरवर रोज १४.४ दिसायचे, मी समाधानानं वळायचो. काही महिन्यांनी बॅटरी संध्याकाळीच माना टाकू लागली. हायड्रोमीटर घातला तर ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, ११९० च्या पुढे जाईना. मग भर दुपारी ३० अँपिअर चालू असताना बॅटरीच्या पोलवर मीटर टेकवला: १३.५. जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीत अडकले होते.

गणित साधं आहे. दहा मीटर, ६ चौरस मिलिमीटर तांबं, रोध साधारण ०.०२९ ओहम. गुणिले ३० अँपिअर, म्हणजे ०.८६ व्होल्ट. कंट्रोलरला वाटायचं बॅटरी १४.४ ला पोचली, तो ॲब्झॉर्प्शनचं घड्याळ लवकर सुरू करायचा आणि लवकर बंदही करायचा. तेच अंतर २५ चौरस मिलिमीटरच्या केबलनं जोडलं तर घट ०.२ व्होल्ट. त्याहून उत्तम म्हणजे कंट्रोलर बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवा आणि लांब वायर पॅनेलच्या बाजूला ठेवा, जिथे व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असतो. नवीन मांडणी करत असाल तर २४ व्होल्टचा विचार करा; त्याच पॉवरला करंट निम्मा होतो.

लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, दाबायला योग्य क्रिंप टूल वापरा, पक्कडीनं चेपू नका. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, कारण शॉर्ट झाल्यास ही बॅटरी हजारावर अँपिअर सोडते आणि फ्यूजच्या अलीकडची वायर वाचवायला कुणी नसतं. फ्यूज आणि एमसीबी डीसीसाठीच बनवलेले घ्या. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा आपोआप शून्यावर येऊन विझते, डीसीची तशी विझत नाही, एसीचा स्विच आतल्या आत वितळतो.

काम सुरू करण्याआधी अंगठी आणि कडं काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा चढवा. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून बॅटरीच्या वरच्या बाजूला हवा जायला वाट ठेवा.

कंट्रोलर किंवा चार्जर कसा लावायचा

पाणी घालायच्या बॅटरीला ॲब्झॉर्प्शन १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर तशीच राखायचं व्होल्टेज) १३.६ ते १३.८. हे आकडे २५ अंशांचे आहेत. बॅटरी ४० अंशांवर असेल तर दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट या हिशेबानं १४.४ चे १४.०५ करावे लागतात, नाहीतर ती उकळत राहते आणि पाणी पिते. तापमानाचा सेन्सर येत असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा, भिंतीला नको. ॲब्झॉर्प्शनचा वेळ तीन-चार तासांचा ठेवा; अनेक कंट्रोलर कारखान्यातून दोन तासांवर येतात. लिथियमला १४.२ ते १४.६, आणि इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जास्तीचं चार्जिंग) कायमचं बंद.

जोडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरी कंट्रोलरला, म्हणजे तो १२ की २४ व्होल्ट ते ओळखतो, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल.

पहिलं चार्जिंग

पाण्याची पातळी पाहा. प्लेट उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, बाकीचं चार्ज पूर्ण झाल्यावर, कारण भरताना पातळी वर चढते. तासभर विश्रांती दिलेल्या बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंग सुरू झाल्यावर क्लॅम्प मीटरनं करंट पाहा, पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. अर्ध्या तासानं प्रत्येक जोडावर हात फिरवा. बाकी वायर गार आणि एकच लग गरम लागला, तर तो सैल आहे किंवा आतून गंजलाय. सहापैकी एकच सेल बुडबुडत नसेल आणि चार्जिंग थांबवून विश्रांती दिल्यावर व्होल्टेज साडेदहाच्या आसपासच दिसत असेल तर तो सेल शॉर्ट झालाय. त्यात वीज ओतत राहण्यात अर्थ नाही.

बॅटरी भरली की नाही हे दिव्याच्या रंगावरून ठरवू नका. व्होल्टेज १४.४ वर धरलेलं असताना करंट क्षमतेच्या एक ते दोन टक्क्यांवर, म्हणजे दीड ते तीन अँपिअरवर उतरला आणि तासातासाच्या अंतरानं घेतलेल्या तीन वाचनांत ग्रॅव्हिटी तीच राहिली, तर ती भरली.

विजेवरच्या गाडीची बॅटरी

हाच हिशेब तिथेही चालतो, फक्त आकडे फुगतात. बॅटरी ३० युनिटची धरली तर १ किलोवॅट पॅनेलना, दिवसाला साधारण साडेतीन युनिटनं, आठ-नऊ दिवस लागतील. खालची मर्यादा इथेही आहे: एसी चार्जिंगचा करंट ६ अँपिअरच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट सतत मिळाले नाहीत तर गाडी चार्जिंग सुरूच करत नाही. म्हणून थेट पॅनेलवर गाडी लावता येत नाही, मधे इन्व्हर्टर आणि साठ्याची बॅटरी लागते. जनरेटरवर लावली आणि गाडीनं नकार दिला तर आधी अर्थिंग पाहा. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीला जोडलेलाच नसतो, आणि गाडीला अर्थ दिसला नाही की ती वीज घेत नाही. ती जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पहिले सात दिवस एक वही ठेवा. सूर्योदयाच्या वेळचं व्होल्टेज, दिवसभरात गेलेले एएच, संध्याकाळचा शेवटचा करंट, एवढे तीन रकाने. सकाळचा आकडा रोज ०.०५ नं खाली घसरताना दिसला, तर आठव्या दिवसाची वाट न पाहता एक पॅनेल वाढवा किंवा रात्रीचा एक भार कमी करा, आणि त्याच आठवड्यात एकदा बॅटरी सलग दहा तास लावून पूर्ण भरून घ्या.